निळा उजेड दिसतोय, म्हणून वायू शुद्ध होतोय असं नाही: यूव्ही यंत्रणेतल्या या चुका टाळा

सॉल्व्हंटची (रंग वगैरे विरघळवणाऱ्या द्रवांची) वाफ बाहेर सोडण्याआधी काही कारखाने ती यूव्ही म्हणजे अतिनील दिव्यांच्या चेंबरमधून नेतात. स्टॅकमधून (चिमणीतून) सॉल्व्हंटचा वास येतोय अशी तक्रार आली की ऑपरेटर आधी चेंबरच्या काचेतून डोकावतो. आत निळसर उजेड असतो. ‘दिवे तर चालू आहेत’ म्हणून तो परत फिरतो. पहिली चूक इथेच होते, कारण काम करणारा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही.

कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यातून १८५ आणि २५४ नॅनोमीटरचे किरण निघतात. १८५चे किरण ऑक्सिजन फोडतात, त्यातून ओझोन बनतो. हवेतल्या पाण्याच्या वाफेतून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे फार क्रियाशील कण, सुटतात. २५४चे किरण तो ओझोन पुन्हा फोडतात. सॉल्व्हंटचे रेणू तोडायचं काम मुख्यतः या रॅडिकल्सचं. दिवा म्हातारा झाला की १८५चे किरण घटतात, निळा उजेड मात्र जवळपास तसाच राहतो. म्हणून दिव्यांचे तास लिहून ठेवा आणि उत्पादकाने दिलेले तास भरले की दिवा पेटत असला तरी बदला.

बदलताना आणखी एक घोळ होतो. ‘ओझोन-फ्री’ दिवा त्याच होल्डरमध्ये बसतो, तसाच उजळतो, पण त्याचा क्वार्ट्झ १८५चे किरण अडवतो. स्टोअरमधून आलेल्या खोक्यावरचा कोड वाचल्याशिवाय दिवा लावू नका.

दिव्यावर पेंटचा धूर किंवा तेलाचा थर बसला तर तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो. वीज बंद करून, दिवा गार झाल्यावर, हातमोजे घालून. सिलिकॉनयुक्त वाफेचं तसं नाही. तिचा ऑक्सिडेशननंतर सिलिका होतो आणि तो पांढरट थर पुसून जात नाही. उपाय चेंबरच्या आधीच हवा, म्हणजे चांगला फिल्टर आणि सिलिकॉन असलेली लाइन वेगळी.

वेळेचा हिशेब तर फार कमी जण करतात. २ घनमीटरचा चेंबर आणि ताशी ७,२०० घनमीटर हवा, म्हणजे वायू आत जेमतेम १ सेकंद थांबतो. नवं पेंट बूथ (रंग फवारण्याची खोली) जोडून ब्लोअर दुप्पट केला की उरला अर्धा सेकंद. मग दिवे कितीही नवे असोत, रेणू अर्धवट तुटतात.

आणि अर्धवट तुटणं हीच खरी डोकेदुखी. त्यातून फॉर्मल्डिहाइड हा डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होऊ शकतो. हातातल्या पीआयडी मीटरचा (वाफेचे रेणू स्वतःच्या यूव्ही दिव्याने आयनीकृत करून मोजणाऱ्या यंत्राचा) नेहमीचा १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा दिवा त्याला पकडतच नाही, कारण फॉर्मल्डिहाइडचं आयनीकरण १०.८७ला होतं. मीटरवर आकडा उतरलेला, आणि स्टॅकखाली उभ्या माणसाचे डोळे मात्र चुरचुरताहेत! अशा वेळी मीटरपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा आणि आल्डिहाइडची (फॉर्मल्डिहाइडच्या गटातल्या रसायनांची) वेगळी तपासणी करून घ्या.

उरलेला ओझोनही तसाच सोडू नका. पुढे ओझोन मोडणाऱ्या मँगनीज डायऑक्साइडचा थर द्या. तिथे ॲक्टिव्हेटेड कार्बन असेल आणि वायूत कीटोन (ॲसिटोनसारखे सॉल्व्हंट) असतील तर थराचं तापमान मोजत राहा, कारण असा थर पेटू शकतो. ब्लोअर बंद पडला की दिवेही बंद झाले पाहिजेत, तसा इंटरलॉक (एक बंद पडलं की दुसरं आपोआप बंद करणारी जोडणी) हवाच. आणि सॉल्व्हंटचं प्रमाण स्फोटक मर्यादेच्या जवळ जात असेल तर ती जागा यूव्हीची नव्हेच.

क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट असेल तर हायड्रोजन क्लोराइड निघणार, कधी फॉस्जीन हा विषारी वायूही. चेंबरनंतर अल्कली स्क्रबर (वायू अल्कलीच्या द्रावणाने धुणारं यंत्र) नसेल तर डक्टच्या वेल्डवर गंजाचे ठिपके दिसू लागतात, आणि बरेच जण ते पावसाच्या पाण्याच्या माथी मारून मोकळे होतात.