जनरेटरच्या डिझेलमध्ये बुरशी: या चुका टाळा

मुंबईत वीज फारशी जात नाही. त्यामुळे सोसायटीच्या जनरेटरमधलं डिझेल महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. आणि १२ ऑक्टोबर २०२० सारखा शहरभर अंधार करणारा दिवस आला की सगळी भिस्त त्याच डिझेलवर. तेव्हा मशीन धापा टाकत बंद पडलं आणि फिल्टरमध्ये काळा, बुळबुळीत गाळ दिसला, तर समजा की टाकीत बुरशी आणि जिवाणू वाढलेत.

ते राहतात पाण्यात आणि खातात डिझेल. डिझेल हलकं असल्यामुळे पाणी तळाशी बसतं आणि दोघांच्या मधोमध या जंतूंचा थर धरतो. त्यातून सुटणारी आम्लं टाकीचा पत्रा आतून कुरतडतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नवा फिल्टर टाकून विषय संपला असं मानणं. पाणी तळाशी तसंच असेल, तर नवा फिल्टरही तुंबणारच. बाटलीभर बायोसाइड (जंतू मारणारं औषध) ओतून मोकळं होणं हीसुद्धा तशीच घाई. औषधाने जंतू मरतात, पण मेलेला थर सुटून थेट फिल्टरमध्ये येतो. म्हणून आधी ड्रेन कॉकमधून (टाकीच्या तळाच्या तोटीतून) पाणी आणि गाळ काढा, वाढ जास्त असेल तर टाकी आतून साफ करून घ्या, मगच डब्यावरच्या प्रमाणात औषध घाला. हातमोजे घालाच, आणि जादा फिल्टर जवळ ठेवा. काढलेलं घाण डिझेल गटारात मुळीच सोडू नका, ते अधिकृत रिसायकलरकडेच द्या.

तपासणीसाठी वरून घेतलेला नमुना कामाचा नाही, वरचं डिझेल बहुतेक स्वच्छच दिसतं. तळाचं डिझेल काचेच्या बरणीत काढून स्थिर ठेवा. खाली पाणी आणि मधे मळकट पडदा दिसला, की वाढ सुरू झाली आहे. कुजक्या अंड्यांसारखा वास आला तर दुखणं जुनं.

पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवू नका. मोकळ्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होऊन ते आतल्या भिंतींवरून खाली उतरतं. डिझेल प्रसरण पावायला थोडी जागा सोडून टाकी भरा. झाकणाचं रबर आणि व्हेंट (टाकीची हवा येण्याजाण्याची नळी) पाहा, गच्चीवरच्या किंवा उघड्यावरच्या टाकीत पाऊस तिथूनच शिरतो. १ जूनपासून मासेमारीबंदीत किनाऱ्याला लागणाऱ्या बोटींनाही हेच लागू आहे.

भरलेली टाकी मात्र वर्षभर तशीच ठेवू नका. दर महिन्याला जनरेटर लोडवर, म्हणजे त्यावर विजेची उपकरणं जोडून, चालवा, म्हणजे जुनं डिझेल संपत राहील, आणि त्याच दिवशी तळाचं पाणीही काढून टाका.