जुनी फायबर बोट घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

जुनी फायबर बोट घरी आली की पहिल्याच सुट्टीच्या दिवशी रेझिनचा, म्हणजे फायबर चिकटवून कडक होणाऱ्या द्रवाचा, डबा उघडला जातो. बोट अजून नीट धुतलेली नसते, आतली ओल वाळलेली नसते, नेमकं बिघडलंय काय हेही कुणी बघितलेलं नसतं. पण मॅट, म्हणजे रेझिनमध्ये भिजवून लावायचं काचेच्या धाग्यांचं कापड, कापून तयार असते. माझ्या हाताखालून गेलेल्या बऱ्याच बोटी अशा आधीच एकदा घाईत ‘दुरुस्त’ झालेल्या होत्या. अशा बोटीला दुप्पट काम पडतं. आधी ते नवं फायबर ग्राइंडरने काढायचं, मग मूळ दुखण्याला हात घालायचा.

ओलं, कुजलेलं, वाकलेलं, मळकं, काहीही असो, फायबरचे दोन थर मारले की वरून सगळं सारखंच दिसतं. त्यामुळे चूक झाल्याचं लगेच कळत नाही. ते कळतं पुढच्या मोसमात, पाण्यात. खालच्या जवळपास सगळ्या चुकांच्या मुळाशी हीच झाकायची घाई आहे.

टेकू न देता आतलं सगळं कापून काढणं

ही चूक मी सगळ्यात वर ठेवतो. बाकीच्या चुकांनी पैसा आणि वेळ जातो, हिने बोटच जाते.

फायबरचा तळ म्हणजे एक कवच आहे. त्याला आकारात धरून ठेवतात ते आतले लांब स्ट्रिंगर, म्हणजे तळावर उभ्या बसवलेल्या लाकडी पट्ट्या, आणि त्यांच्यावर बसवलेला फ्लोअर. हे दोन्ही काढलं की कवच, जिथे टेकू नाही तिथे, स्वतःच्याच वजनाने लवतं. किती लवलं ते डोळ्याला दिसत नाही. मग त्याच लवलेल्या तळावर माप घेऊन नवे स्ट्रिंगर कापले जातात, छान चपखल बसतात, वरून फायबर होतं, आणि तो बाक कायमचा बोटीत कोंडला जातो.

माझ्या ओळखीच्या एका तरुणाने १६ फुटी उघडी बोट घेतली होती. फ्लोअर कुजला होता, स्ट्रिंगरही गेले होते, निदान बरोबर होतं. त्याने दोन दिवसांत सगळं कापून बाहेर काढलं. बोट ट्रेलरवरच होती आणि ट्रेलरच्या फळ्या ट्रान्समच्या, म्हणजे इंजिन लटकतं त्या मागच्या भिंतीच्या, हातभर अलीकडेच संपत होत्या. मागचा तेवढा भाग अधांतरी. तशीच बोट तीन आठवडे उभी राहिली. पुढचं काम मात्र त्याने मन लावून केलं. प्लाय चांगला घेतला, सांधे सुबक केले, रंग तर माझ्यापेक्षा चांगला काढला.

पहिल्या फेरीनंतर त्याचा फोन आला. “काका, बोट नाकच वर काढत नाहीये. इंजिन पूर्ण उघडलं तरी पुढून पाणी ढकलत चालते.” त्याने इंजिनचा कोन बदलून पाहिला होता, पंखाही बदलला होता. मी गेलो, बोटीखाली आडवा झालो आणि तळाला मागच्या टोकापासून पुढे २ मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी लावली. पट्टी मागच्या कडेला टेकली, पुढे टेकली, आणि मधल्या फटीत माझ्या करंगळीचं टोक सहज गेलं. तळाचं मागचं टोक खाली झुकलं होतं. याला हुक म्हणतात. वेगात पाणी त्या झुकलेल्या भागावर दाब देतं, मागची बाजू उचलली जाते आणि नाक खाली दाबलं जातं. इंजिनचा यात काही दोष नव्हता. ते नवेकोरे स्ट्रिंगर पुन्हा कापावे लागले. ग्राइंडर चालू करण्याआधी तो बराच वेळ नुसता बोटीकडे बघत उभा होता.

हा बाक टाळायला फार काही लागत नाही. काहीही कापण्याआधी बोट पाणसळ लावून दोन्ही दिशांनी सरळ करा. ट्रान्समच्या बरोबर खाली टेकू हवाच, शिवाय तळाखाली दोन्ही बाजूंना मधे मधे टेकू द्या. टेकू रुंद असावा, टोकदार जॅक थेट तळाला लावू नका. दोन्ही काठांना जोडणाऱ्या तीन-चार आडव्या पट्ट्या स्क्रूने मारा, म्हणजे वरून बोट फाकणार नाही. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही मापं सारखी असली पाहिजेत. नाळ ते ट्रान्समच्या मध्यापर्यंत एक दोरी ताणून ठेवा आणि काम संपेपर्यंत ती काढू नका. मी रोज सकाळी कामाला लागण्याआधी ठरलेल्या चार ठिकाणी दोरीपासून तळाचं अंतर मोजतो आणि ट्रान्समवरच पेन्सिलने लिहितो. स्ट्रिंगर एका वेळी एकच काढतो. तो बसला, वाळला, मगच दुसरा. यात आठवडाभर जास्त जातो. तो मी आनंदाने देतो.

नवा स्ट्रिंगर तळाला लाकडाच्या कडेने घट्ट टेकवूही नका. खाली ५-६ मिमी जागा सोडून ती घट्ट कालवलेल्या एपॉक्सीने (हे जास्त चांगलं धरणारं रेझिन) भरा, नाहीतर त्या रेषेत तळाला कडक धार बसते आणि लाटांच्या माराने तिथेच तडा जातो. कोपऱ्यात गोलाई भरल्याशिवाय मॅट वळवू नका. काटकोनात मॅट बसत नाही, खाली हवा राहते.

ओल्या लाकडावर फायबर मारणं

फायबरच्या दोन थरांमध्ये जिथे प्लाय किंवा बाल्साचं हलकं लाकूड आहे तिथे पाणी शिरलेलं असणार, असं धरूनच चालायचं. आधी ठोकून तपासा: प्लास्टिकच्या डोक्याच्या हातोडीने ट्रान्सम आणि डेक हळूहळू ठोकत जा. चांगल्या भागाचा आवाज टणक येतो, गेलेल्या भागाचा बद्द. आवाज बदलला की मार्करने रेघ मारा. ट्रान्सममध्ये मी आतल्या बाजूने ५ मिमीची छिद्रं पाडतो, वर दोन, मधे दोन, तळाशी तीन. ड्रिलवर येणारा भुसा बोटावर घेऊन बघायचा. फिका आणि कोरडा आला तर देव पावला. काळपट, चिकट, कुबट वासाचा आला आणि छिद्रातून पाण्याचा थेंब ओघळला, तर तो ट्रान्सम संपला आहे.

इथे शॉर्टकटवाले भेटतात. “छिद्रातून पातळ रेझिन सोडा, लाकूड पुन्हा कडक होतं.” मला हा सल्ला मनापासून चीड आणतो. ओल्या लाकडाच्या पोकळ्यांत आधीच पाणी बसलेलं आहे, तिथे रेझिन शिरणार कुठून? छिद्राभोवती चार बोटं जागा कडक होते, दाबून पाहिलं की समाधान वाटतं, आणि बाकीची कूज आत बंद होते. या भिंतीवर इंजिनचं सगळं वजन आणि सगळा जोर येतो. कुजलेलं लाकूड पूर्ण काढा, आणि चांगलं लाकूड लागल्यावरही थोडं पुढेपर्यंत काढा.

पाणी शिरलं कुठून, हे शोधल्याशिवाय नवं लाकूड घालू नका. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: कुणीतरी भोक पाडलं आणि भोकाच्या आतलं लाकूड उघडं सोडलं. पाणी काढायचं बूच, इंजिनचे बोल्ट, शिडीचे स्क्रू, स्ट्रिंगरमधून पाणी वाहायला ठेवलेल्या खाचा. अशा प्रत्येक ठिकाणी मी लागेल त्यापेक्षा मोठं भोक पाडतो, ते एपॉक्सीने ठासून भरतो आणि ते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध हव्या त्या मापाचं भोक घेतो. मग स्क्रूच्या आट्यांना लाकूड लागतच नाही.

कोरडं झालं की नाही हे हात लावून ठरवू नका. साधारण फूटभर चौकोनी पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने पक्कं लावा आणि एक दिवस ठेवा. आतून धुकं धरलं तर अजून ओल आहे. तळावर फोड असतील तर हे जास्तच खरं. फोड फोडला की व्हिनेगरसारख्या उग्र वासाचं पाणी निघतं. ते आम्ल नुसतं पुसून जात नाही. फोड उघडायचे, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे आणि वाळू द्यायचं. वाळायला आठवडे लागतात, कधी महिने. हीट गनने एका दुपारी उरकणाऱ्याच्या तळावर ते फोड परत येताना मी पाहिले आहेत.

फ्लोअरखालचा फोमही कापून बघा. बोटीत घालतात तो फोम घनमीटरला साधारण ३२ किलो भरतो, म्हणजे २०० लिटर जागेत सहा-सात किलो. तोच फोम पाण्याने अर्धा भरला तर शंभर किलोंवर जातो. बोट जड का झाली याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं.

रेझिन, हार्डनर आणि अंदाज

कॅटॅलिस्ट, म्हणजे पॉलिस्टर रेझिन कडक करणारं द्रव्य, नजरेच्या अंदाजाने ओतणाऱ्यांना मी माझ्या कामाजवळ उभं करत नाही. पॉलिस्टर रेझिनला साधारण १ ते २ टक्के कॅटॅलिस्ट लागतो, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम. नेमकं प्रमाण डब्यावर असतं आणि हवामानानुसार त्या मर्यादेतच कमी-जास्त करायचं. वजनकाटा वापरा. कमी पडलं तर थर कधीच पूर्ण कडक होत नाही, जास्त झालं तर ठिसूळ होतो. एपॉक्सीचं गणित वेगळं आहे. तिथे हार्डनर जास्त घातल्याने माल लवकर वाळत नाही, बिघडतो. ठरलेलं प्रमाण म्हणजे ठरलेलं प्रमाण. घाई असेल तर जलद हार्डनर विकत घ्या.

कालवलेलं रेझिन खोल डब्यात ठेवू नका. साठलेल्या मालात उष्णता वाढत जाते, डबा वितळतो, धूर येतो, आगही लागू शकते. रुंद, उथळ ट्रेमध्ये पसरवा आणि घट्ट होण्याआधी संपेल एवढंच कालवा.

मी ट्रान्सम, स्ट्रिंगर आणि पाण्याखालचा भाग एपॉक्सीनेच करतो, कारण जुन्या पॉलिस्टरला ते जास्त चांगलं धरतं. पण मग त्यावर जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा रंगीत चकचकीत थर, भरवशाने धरत नाही, तिथे रंगच द्यावा लागतो. हे आधी ठरवा, शेवटी नको. एपॉक्सीसोबत साधी चॉप मॅटही, म्हणजे तुटक धाग्यांची मॅट, वापरू नका. त्या मॅटमधले धागे ज्या चिकटाने बांधलेले असतात तो पॉलिस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकाने विरघळतो, एपॉक्सीने नाही. मॅट ताठच राहते. विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या. एपॉक्सी वाळल्यावर वर मेणचट थर आला असेल तर आधी पाणी आणि खरखरीत स्क्रबरने धुवा, मग पॉलिश पेपर मारा.

जुन्या पृष्ठभागाचंही तेच. आधी मेण विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटने पुसा, मग घासा. उलटं केलंत तर वर्षानुवर्षांचं पॉलिशचं मेण तुम्ही पेपरने ओरखड्यांत घासून बसवता. एक फडकं ओलं, लगेच मागून दुसरं कोरडं, आणि फडकी सारखी बदलत राहायची.

भोक बुजवताना नुसता तुकडा चिकटवला की तो सुटतो. कडा उतरती करा, जाडीच्या बारा पट. तळ ५ मिमी जाड असेल तर भोकाभोवती सगळीकडून ६० मिमी उतार. एवढा मोठा खड्डा बघून नवखा माणूस घाबरतो आणि तिसऱ्या हिश्शावर थांबतो. थांबू नका.

थोडक्यात उरलेलं

सिलिकॉन बोटीला लावूच नका. ज्या जागी लागलं तिथे नंतर रंग धरत नाही.

भर उन्हात जेलकोट मारू नका.

शेवटचा थर चिकट राहिला म्हणून परत कॅटॅलिस्ट चोपडू नका. मेण नसलेला पॉलिस्टर हवेला उघडा राहिला की वरून चिकटच राहतो, म्हणून शेवटच्या थरात मेणवालं रेझिन लागतं.

कॅटॅलिस्ट आणि अ‍ॅक्सिलरेटर (हा कडक होण्याचा वेग वाढवतो) वेगळे मिळत असतील तर ते दोन एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचा, मगच दुसरा. कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा त्याची बाटली उघडण्याआधी. गेलाच तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि तसेच डॉक्टरकडे जा. घासताना धुळीचा मास्क आणि रेझिन लावताना वाफेची काडतुसं असलेला मास्क, हे दोन वेगळे आहेत. तोंडाला बांधलेला रुमाल यातलं काहीच करत नाही.

बोट पहिल्यांदा पाण्यात सोडाल तेव्हा फ्लोअरची सगळी झाकणं उघडी ठेवा आणि अर्धा तास किनाऱ्याशी बांधूनच ठेवा. टॉर्च घेऊन आत वाका, बुचाभोवती आणि प्रत्येक नव्या सांध्यावर कोरडा कागद दाबून बघा. कागद ओला आला तर त्याच दिवशी बोट बाहेर काढा.