फकीर मोहन सेनापती वाचायचेत? मग या क्रमाने घ्या

ओडिया येत नाही म्हणून फकीर मोहन या ओडिया कथा-कादंबरीकाराला हातच लावायचा नाही असं करू नका, इंग्रजी आणि हिंदीत अनुवाद आहेत, तिथून आरामात सुरुवात होते.

पहिली वाचा 'रेबती'. 1898 ची कथा, ओडियातली पहिली आधुनिक लघुकथा मानतात आणि एका बैठकीत संपते. पोरीला शिकायचंय, गावात पटकी येते, घरातली माणसं एकेक करून जातात आणि आजी सगळा दोष पोरीच्या शिकण्यावर टाकते. आजीला व्हिलन ठरवून मोकळं होऊ नका प्लीज, स्वतः फकीर मोहनांचे आईवडील लहानपणीच गेले आणि आजीनेच त्यांना वाढवलं, त्यामुळे त्या म्हातारीचा आक्रोश किती जवळून लिहिलाय ते कळतं.

मग 'छ माण आठ गुंठ' ही कादंबरी, नावाचा अर्थ सहा माण आठ गुंठे जमीन. 1897 पासून मासिकात क्रमशः आली, 1902 ला पुस्तक. इथे गुंठा शब्द बघून आपला हिशोब लावू नका, आपले 40 गुंठे म्हणजे एकर, तिकडे 25 गुंठांचा एक माण, म्हणजे आठ गुंठ जवळपास एक तृतीयांश माण, आणि सगळी मिळून सहा माण नि वर तेवढी. एवढीशी जमीन, भगिया आणि सारिया या विणकर जोडप्याची, ती जमीनदार मंगराज कसा गिळतो ही गोष्ट.

पण खरी गंमत निवेदकात आहे आणि इथेच बरेच जण घाईत वाचून जातात. तो मंगराजची स्तुतीच करत राहतो, केवढा धार्मिक माणूस, एकादशीला पाणी आणि तुळशीचं पान सोडून काही घेत नाही वगैरे, आणि लगेच न्हाव्याच्या तोंडून कळतं की रात्री खोलीत दुधाचं भांडं आणि केळी ठेवलेली असतात आणि सकाळी भांडं रिकामं! म्हणून पेन्सिल घेऊन बसा, जिथे जिथे कौतुक दिसेल तिथे खूण करा आणि पुढच्या दोनतीन ओळी परत वाचा. माझ्या मते ही एक सवय लागली की पुस्तक दुप्पट मोठं होतं.

कागदपत्रांची फसवणूक इतकी बारीक कशी लिहिली असं वाटेल, तर फकीर मोहन ओडिशातल्या ढेंकानाळ, केओंझर अशा संस्थानांत कारभारी होते, हे सगळं आतून बघितलेलं. आणि 1870 च्या सुमारास ओडिया ही वेगळी भाषाच नाही असं काही बंगाली मंडळी म्हणत होती, तेव्हा बालासोरला छापखाना काढून ओडियासाठी उभे राहिलेल्यांत हे होते. म्हणून संवादातली खेड्यातली बोली अनुवादातसुद्धा हळू वाचा.

शेवटी 'लछमा' ही कादंबरी, ती बर्गींच्या म्हणजे मराठा स्वारांच्या स्वाऱ्यांच्या काळातली. नागपूरकर भोसल्यांकडे ओडिशा 1751 ते 1803 होता, तेवढा इतिहास आधी चाळून घ्या म्हणजे संदर्भ पटापट लागतात, आणि आपले स्वार तिकडच्या माणसाला कसे दिसले ते नीट बघता येतं.