'लोक ऐकत नाहीत' असे म्हणण्याआधी: साथीच्या काळात पुढाऱ्यांनी टाळायच्या चुका

साथ पसरली की तालुक्याच्या आढावा बैठकीत एक तक्रार हमखास ऐकू येते: "आम्ही कंठशोष करून सांगतो, पण लोक ऐकतच नाहीत." आमदारांपासून सरपंचांपर्यंत सगळे हे म्हणतात आणि त्यातील बहुतेकांना ते मनापासून वाटतही असते. मात्र 1994 ची प्लेगची साथ आणि 2020 नंतरचा कोरोनाकाळ मराठवाड्याच्या अनुभवातून तपासून पाहिला, तर लोकांनी सूचना धुडकावल्या अशा अनेक प्रसंगी मूळ दोष सांगणाऱ्याच्या बाजूला सापडतो. लोकांना दोष देणे सोपे असते, कारण त्याचा खुलासा कोणी मागत नाही. म्हणून सूचना पाळली जात नसेल तर आधी आपलेच बोलणे पुढील चुकांच्या कसोटीवर तपासावे.

पाळण्याची सोय न करता आदेश देणे

ही सर्वांत मोठी आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. 24 मार्च 2020 रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी 21 दिवसांची टाळेबंदी जाहीर केली आणि ती त्याच मध्यरात्री लागू झाली. हातात जेमतेम चार तास होते. "घरातच राहा" हा संदेश अगदी स्पष्ट होता, तरीही किराणा दुकानांसमोर त्याच रात्री झुंबड उडाली, कारण दुकाने सुरू राहतील हे आश्वासन लोकांच्या मनात पुरते पोहोचण्याआधीच बंदची बातमी पोहोचली होती. त्याच आठवड्यात न्यूझीलंडच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी कडक टाळेबंदीपूर्वी लोकांना 48 तास दिले होते, आणि त्याच्याही दोन दिवस आधी चार पातळ्यांची इशारा-पद्धत समजावून सांगितली होती. त्यामुळे तेथील नागरिकाला आपण आज कोणत्या पायरीवर आहोत आणि पुढची पायरी कोणती, हे आधीच ठाऊक होते. पन्नास लाख वस्तीच्या देशाची भारताशी सरळ तुलना होऊ शकत नाही, हे मान्य आहे. पण पुढे काय होणार हे आधी सांगण्यासाठी देश लहानच असावा लागतो असे नाही.

सोयीची माहिती न पोहोचल्याचा परिणाम मराठवाड्याने 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ पाहिला. जालन्याहून भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघालेले मध्य प्रदेशातील 16 मजूर रुळांवरच झोपले असताना मालगाडीखाली सापडून मरण पावले. श्रमिक विशेष गाड्या 1 मेपासून सुरू झाल्या होत्या. परंतु नाव कोठे नोंदवायचे, परवाना कधी मिळेल, आपली गाडी कोणत्या स्थानकावरून सुटेल, या प्रश्नांची खात्रीची उत्तरे मिळत नसल्याने असंख्य मजुरांनी चालत जाण्याचाच मार्ग धरला. अशा माणसांना नियम मोडणारे म्हणणे हा शब्दांचा अन्याय आहे.

ऊसतोड मजुरांच्या बाबतीत यापेक्षा थोडे बरे घडले. टाळेबंदीत लाखाहून अधिक मजूर पश्चिम महाराष्ट्रातील आणि अन्य भागांतील कारखान्यांच्या तळांवर अडकले होते. 17 एप्रिल 2020 रोजी शासनाने त्यांना तपासणी करून गावी परतण्याची परवानगी दिली, तेव्हा बीड जिल्ह्यातील गावांपुढे प्रश्न उभा राहिला की आलेल्यांना ठेवायचे कोठे. जेथे शाळेची खोली, पाणी, शिधा आणि जनावरांच्या चाऱ्याची व्यवस्था आधी सांगितली जाते, तेथे वेशीवरची अडवाअडवी टळते. जेथे सरपंच केवळ "बाहेरून आलेल्यांनी गावात येऊ नये" एवढेच भोंग्यावरून सांगतात, तेथे माणसे रात्री आडवाटेने घरी येतात आणि मग आशाताईंना त्यांचा पत्ताही लागत नाही.

यावर उपाय सांगण्यासाठी मोंढ्याची, म्हणजे धान्यबाजाराची, एखादी साधी घोषणाच घेऊ. "मोंढा उद्यापासून सात दिवस बंद राहील, नागरिकांनी सहकार्य करावे." या वाक्यात ज्याचे सोयाबीन आज रात्री टेम्पोत भरून तयार आहे त्याला काहीच सांगितलेले नाही, म्हणून तो येणारच. हीच घोषणा अशी करता येते: "मोंढा सोमवारपासून रविवारपर्यंत बंद राहील. ज्यांचा माल आज निघाला आहे, त्याचा लिलाव उद्या दुपारपर्यंत होईल. जुन्या पट्टीचे पैसे राहिले असल्यास आडत्याला फोन करावा, येण्याची गरज नाही. खते आणि बियाण्यांची दुकाने सकाळी सात ते अकरा उघडी राहतील. पुढे काय करायचे ते शनिवारी संध्याकाळी सहा वाजता याच भोंग्यावरून सांगितले जाईल." शेवटचे वाक्य अनेक जण गाळतात, आणि तेच गाळू नये. पुढची माहिती कधी मिळणार हे ठाऊक असले की मधल्या काळात व्हॉट्सॲपवरच्या अफवांना फारशी जागा उरत नाही.

नियम इतरांना आणि सवलत स्वतःला

21 फेब्रुवारी 2021 रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजकीय, सामाजिक आणि धार्मिक गर्दीच्या कार्यक्रमांवर बंदी जाहीर केली, आणि दोनच दिवसांनी त्यांच्याच मंत्रिमंडळातील एका मंत्र्यांच्या भेटीच्या निमित्ताने वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे हजारोंची गर्दी जमली. पुढच्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, जाहीर झालेली टाळेबंदी विरोधानंतर मागे घेण्यात आली, तेव्हा समर्थकांनी लोकप्रतिनिधीला खांद्यावर घेऊन विनामास्क जल्लोष केला आणि गुन्हाही दाखल झाला. टाळेबंदीला विरोध करणे हा लोकप्रतिनिधीचा अधिकारच आहे आणि हातावर पोट असणाऱ्यांच्या वतीने तो कोणीतरी करायलाच हवा होता. चूक होती ती विजयाच्या मिरवणुकीत. या दोन घटना दोन वेगळ्या पक्षांच्या आहेत, हेही नोंदवून ठेवावे.

याचा परिणाम मोजता येतो. ब्रिटनच्या पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज यांनी टाळेबंदीत केलेला प्रवास मे 2020 मध्ये उघड झाल्यावर इंग्लंडमधील लोकांचा शासनावरील विश्वास ठळकपणे घसरल्याचे सर्वेक्षणातून दिसले. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये, जेथे शासन वेगळे होते, तशी घसरण झाली नाही. न्यूझीलंडच्या आरोग्यमंत्र्यांनी टाळेबंदीत समुद्रकिनारी सहल केली, तेव्हा ती त्यांनी स्वतः मान्य केली आणि पंतप्रधानांनी त्यांना मंत्रिमंडळाच्या क्रमवारीत तळाला ढकलले. आपल्याकडे चूक झालीच, तर त्याच दिवशी मान्य करून दंडाची पावती फाडून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. कार्यकर्त्यांना आवरता येत नसेल तर निदान त्या गर्दीची छायाचित्रे स्वतःच्या पानावर टाकू नयेत.

समजावण्याआधी दंडुका काढणे

नोव्हेंबर 2021 मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात लशीची पहिली मात्रा घेतलेल्यांचे प्रमाण सुमारे 55 टक्के होते, तर राज्याचे 74 टक्के. जिल्हा प्रशासनाने तेव्हा किमान एक मात्रा घेतल्याशिवाय पेट्रोल, गॅस आणि रेशन मिळणार नाही असा आदेश काढला. अशा सक्तीने आळसाने किंवा कामाच्या घाईने राहून गेलेला माणूस नक्की केंद्रावर येतो. ज्याला लशीची भीती आहे, तो मात्र भीती घेऊनच येतो किंवा पळवाट शोधतो. शिवाय पेट्रोल आणि रेशन यांना एकाच तागडीत तोलणे मला पटत नाही. दुचाकीवाल्याची गैरसोय आणि शिधापत्रिकेवर चूल पेटणाऱ्या घराची उपासमार या सारख्या शिक्षा नव्हेत.

केवळ बळाने साथ आवरता येत नाही याचा धडा 1897 च्या पुण्याने दिलाच होता. रँडच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घेतलेल्या घरझडत्यांनी लोकांना रुग्ण लपवायला शिकवले. 2014 मध्ये लायबेरियाने राजधानी मनरोव्हियातील वेस्ट पॉइंट ही वस्ती इबोलामुळे सैन्य लावून बंद केली, दंगल झाली, एक किशोरवयीन मुलगा गोळीने मेला आणि दहा दिवसांत वेढा उठवावा लागला.

याउलट 2020 ची आषाढी वारी आठवावी. पायी वारी थांबवणे हा त्या वर्षातील अतिशय नाजूक निर्णय होता, परंतु संप्रदायातील प्रमुखांशी आधी चर्चा झाली आणि मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्याचा मार्ग निघाला. पैठणच्या नाथांच्या पादुकाही तशाच गेल्या. परंपरा खंडित झाली नाही, आणि बहुसंख्य वारकऱ्यांनी विठ्ठलाला घरूनच हात जोडले. हे समजूतदार वागणे आदेशाच्या कागदातून आलेले नव्हते; ते महाराज मंडळींनी सांगितले म्हणून आले. सप्ताहातील कीर्तनकार, मशिदीतील इमाम, विहारातील भंते आणि तांड्याचे नायक यांच्याकडे आदेश निघाल्यावर नव्हे, तर आदेशाचा मसुदा तयार होत असतानाच जावे.

साथीला जात-धर्म चिकटवणे

तबलिगी जमात या मुस्लिम धार्मिक संघटनेच्या दिल्लीतील कार्यक्रमानंतर 2020 च्या एप्रिलमध्ये एका समाजाला दोष देत जे बोलले गेले ते येथे पुन्हा लिहिण्याची गरज नाही. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या कार्यक्रमाला आलेल्या 29 परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे ताशेरे ओढले. पण निकाल येईपर्यंत साडेचार महिने गेले होते. ज्या मोहल्ल्याला आपण साथीचे उगमस्थान ठरवले, तेथेच पुढे सर्वेक्षणाला आणि लसीकरणाला जायचे असते, हे व्यासपीठावर माईक हातात असताना विसरले जाते. आकडे वॉर्डनिहाय द्यावेत, समाजनिहाय देऊ नयेत.

माहिती दाबणे आणि बदललेला सल्ला न समजावणे

1994 मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा प्लेग जाहीर झाला. सुरतेतून लाखो माणसे निघून गेली, अनेक खासगी डॉक्टरही गेले. अधिकृत माहिती तुटपुंजी आणि परस्परविरोधी असली की माणसे पळणाऱ्या शेजाऱ्याकडे पाहून निर्णय घेतात. ब्राझीलचे अध्यक्ष बोल्सोनारो यांनी कोरोनाला 'किरकोळ फ्लू' म्हटले, तेव्हा त्यांच्या समर्थकांचे प्राबल्य असलेल्या भागांत अंतर पाळण्याचे प्रमाण घटल्याचे अभ्यासकांना आढळले. म्हणजे लोक ऐकतात, पुष्कळदा नको तेही ऐकतात.

सल्ला बदलणे ही मात्र चूक नाही, तो न सांगता बदलणे ही आहे. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांतील अंतर 2021 मध्ये आधी चार ते सहा आठवडे, मार्चमध्ये सहा ते आठ आणि मे महिन्यात बारा ते सोळा आठवडे झाले. अंतर वाढवण्यामागे परिणामकारकतेची शास्त्रीय माहिती होती, परंतु त्याच दिवसांत केंद्रांवर लशीचा तुटवडा होता, त्यामुळे "लस नाही म्हणून तारीख पुढे ढकलली" असा अर्थ पारावर लागला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तर दोन्ही सांगाव्यात. "साठा कमी आहे, आणि अंतर वाढवल्याने संरक्षण कमी होत नाही असे तज्ज्ञांचे मत आहे" हे वाक्य शेतकऱ्याला समजते. तो दर वर्षी हवामानाचा अंदाज ऐकून पेरणीची तारीख बदलतच असतो.

वेळेआधी गुलाल उधळणे

28 जानेवारी 2021 रोजी जागतिक आर्थिक मंचाच्या ऑनलाइन दावोस परिषदेत भारताने कोरोनावर परिणामकारक नियंत्रण मिळवल्याचे सांगितले गेले. त्याच महिन्यात राज्यात सुमारे 14 हजार ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या होत्या आणि गावोगावचे वातावरण साथ संपल्यासारखेच होते. फेब्रुवारीपासून रुग्ण वाढू लागले, तेव्हा पुन्हा मास्क लावा म्हणणाऱ्यांना लोकांनी सरळ विचारले की मग जानेवारीत काय सांगत होतात. रुग्णसंख्या उतरत असताना "साथ गेली" असे न म्हणता, आज कोणती बंधने उठली, कोणती राहिली आणि पुन्हा रुग्ण वाढले तर कोणते बंधन आधी परत येईल, हे ग्रामसभेत वाचून दाखवावे आणि त्याची एक प्रत उपकेंद्राच्या दारावर चिकटवावी.