काचेच्या पेल्यावर स्टेन्ड ग्लास रंगकाम: या चुका टाळा

पहिल्याच धुण्यात रंगाचा अख्खा पापुद्रा सुटून आला, तर दोष बहुधा रंगाचा नसतो, काचेवर राहिलेल्या तेलकटपणाचा असतो. पेला साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. त्यानंतर रंगवायच्या भागाला बोट लावायचे नाही. पेला आतून धरा.

सर्वांत जास्त कामे बिघडतात ती आउटलायनरच्या, म्हणजे नळीतल्या जाड रंगाने नक्षीच्या उठावदार रेघा काढण्याच्या टप्प्यावर. नक्षीचा कागद पेल्याच्या आत चिकटवा. नळीचे टोक काचेवर घासत नेले की रेघ चपटी आणि तुटक येते. टोक किंचित वर धरून एकसारख्या दाबाने रेघ खाली पडू द्या. सुरुवातीचा जाड थेंब आधी कागदावर काढून टाका. प्रत्येक घराची, म्हणजे रंग भरायच्या बंदिस्त भागाची, रेघ पूर्ण जुळली पाहिजे. सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी रंग शेजारच्या घरात शिरतो, म्हणून रेघा सुकल्यावर पेला उजेडासमोर धरून फटी शोधा आणि बुजवा. वाकडी गेलेली रेघ ओली असताना पुसायला गेलात तर ती फासली जाते. सुकल्यावर ब्लेडने खरवडली की स्वच्छ निघते. आउटलाइन ओलसर असताना रंग भरला, तर तिचा काळा किंवा सोनेरी रंग आत उतरतो आणि तो परत काढता येत नाही.

पेला उभा ठेवून रंगवला की ओघळ येणारच. गुंडाळलेल्या टॉवेलवर तो आडवा ठेवा, वर आलेलाच भाग भरा, रंग हलायचा थांबला की मगच फिरवा. पूर्ण फेरीला एक दिवस सहज जातो. इथे घाई अजिबात चालत नाही.

बाटली हलवू नका, बुडबुडे होतात. तळहातांमध्ये फिरवा. ब्रशने रंग घासण्याऐवजी घराच्या मध्ये थेंब सोडून तो कडेपर्यंत ढकला. फार कमी रंग घेतला तर ब्रशच्या रेषा दिसतात. बुडबुडा दिसताच सुईने फोडा.

पाण्यावर आधारलेले आणि सॉल्व्हंटवर (रासायनिक द्रावकावर) आधारलेले रंग एकमेकांत मिसळू नका, ते फाटतात. रंग पक्का करण्यासाठी पेला ओव्हनमध्ये भाजतात, त्यातली चूक तर फार महागात पडते. पेबेओ कंपनीचा व्हिट्रिया 160 हा पाण्यावर आधारलेला रंग 24 तास सुकवून 160 अंश सेल्सिअसला 40 मिनिटे भाजायचा असतो, तर त्याच कंपनीचा सॉल्व्हंटवर आधारलेला व्हिट्राय भाजायचा नसतो. त्यामुळे लेबल आधी वाचा. पेला थंड ओव्हनमध्येच ठेवा, 160 अंश गाठल्यावर वेळ मोजा आणि ओव्हन थंड झाल्यावरच पेला बाहेर काढा, नाहीतर काच तडकू शकते.

पिण्याच्या पेल्यावर काठापासून 2 सेंटीमीटर पट्टा कोरा ठेवा आणि आतून कधीही रंगवू नका. न भाजलेला पेला फक्त शोभेसाठी ठेवा. तो पाण्यात भिजत टाकू नका, ओल्या मऊ फडक्याने पुसा.