पुरस्कारासाठी आलेली जोडी आधी पालथी घाला

स्पीकरच्या परीक्षणाला नव्याने बसणार असाल, तर गाणं लावायच्या आधी जोडी मऊ चादरीवर पालथी घाला. मागे सिरीयल नंबर छापलेला आहे, की पट्टीवर पेनाने काही लिहिलंय? स्क्रू सगळे एकसारखे आहेत का? खोकं कारखान्यातून सीलबंद आलं होतं का? शंका आली तर कंपनीला सरळ विचारा, आणि प्रोटोटाइप, म्हणजे विक्रीआधी बनवलेला नमुना, निघाला तर त्याच्यावर मनापासून लिहा, पण पुरस्काराच्या यादीत घेऊ नका.

माझ्या हातून ही चूक झाली आहे. एका कंपनीने पाठवलेल्या जोडीवर तंबोऱ्याची जवारी अशी फुलत होती की मी आठवडाभरातच तिला वर्षातला सर्वोत्तम स्पीकर ठरवलं. आठ महिन्यांनी एक वाचक त्याच मॉडेलची जोडी दुकानातून घेऊन माझ्याकडे आले. तोच तंबोरा आता टोचत होता. मागची पट्टी काढली. माझ्या जुन्या फोटोत ट्विटरच्या, म्हणजे उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, वाटेवर जाडजूड फिल्म कपॅसिटर होता. इथे बोटाच्या पेराएवढा, स्वस्तातला इलेक्ट्रोलिटिक. त्या गृहस्थांनी माझ्या शब्दावर पैसे घातले होते. ते मला अजून लागतं.

एवढ्याशा भागाने काय होतं, ते आकड्यांत बघा. ८ ओहमच्या ट्विटरपुढे ६.८ मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर असेल, तर क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या सुरापासून वरचा आवाज ट्विटरकडे जातो ती जागा, साधारण २,९०० हर्ट्झला पडतो. कपॅसिटर १० टक्के इकडेतिकडे झाला की तो २,६५० ते ३,२५० मध्ये कुठेही सरकतो. कान नेमका तिथेच सर्वांत तिखट. प्रोटोटाइपमध्ये भाग निवडून, मोजून लावलेले असतात. कारखान्यात रोज शेकडो जोडायचे असतात.

म्हणून शक्य असेल तर दुसरी जोडी दुकानातून, स्वतःच्या पैशाने आणा. दोन्ही जोड्यांतला एकेक स्पीकर आळीपाळीने अगदी त्याच जागी ठेवा, मापनाचा माइक ट्विटरच्या उंचीवर, एक मीटरवर. रूम ईक्यू विझार्ड हे मापनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात २० ते २०,००० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा सूर, घ्या. मधल्या सुरांच्या पट्ट्यात दीड डेसिबलहून जास्त फरक दिसला की मी पुरस्कार थांबवतो.

अमेरिकेतल्या 'स्टिरिओफाइल' मासिकाने तर, देशात किमान पाच विक्रेते असल्याशिवाय परीक्षणच नाही, असा नियम बरीच वर्षं पाळला. मला तो पटतो. किंमतही तोवर पक्की झालेली असते.

प्रोटोटाइप परत पाठवताना मात्र आतल्या क्रॉसओव्हरच्या सर्किटचे फोटो काढा, तारीख घाला, स्वीपची फाइल त्या फोटोंसोबत जपा.