गावच्या लाइनवर टिकणारा व्हॉल्व गिटार अॅम्प

व्हॉल्व अॅम्प (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) बांधायला घेण्याआधी भिंतीतल्या प्लगचे व्होल्ट मोजा. डीपीवरचे (गावच्या वीज ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे पंप सुरू असताना एकदा, ते बंद झाल्यावर एकदा, असे तीन दिवसांचे आकडे वहीत टिपा. १८० ते २६० व्होल्टमध्ये झुलणाऱ्या लाइनवर नेहमीचं सर्किट जसंच्या तसं उचललं, तर पंप बंद होऊन व्होल्ट चढल्यावर व्हॉल्व जळू शकतो.

हा अॅम्प ४-५ वॅटचा: पुढे गिटारचा बारीक सिग्नल वाढवणारा ईसीसी८३ व्हॉल्व, मागे स्पीकर हलवणारा ईएल८४. पॉवर ट्रान्सफॉर्मर तालुक्याच्या वायंडिंगवाल्याकडून करवून घ्या. चिठ्ठीवर लिहा: प्रायमरी २३०, सेकंडरी २०० व्होल्ट, १२० मिलिअँप, दुसरी ६.३ व्होल्ट, २ अँप. आउटपुट ट्रान्सफॉर्मर सिंगल-एंडेडच हवा, ५ किलो-ओहम ते ८ ओहम, ५० मिलिअँप झेलणारा. पुश-पुलचा स्वस्तात मिळाला तरी नको. गाभ्यात हवेची फट नसल्याने आवाज फाटतो.

चार १एन४००७ डायोडचा ब्रिज, पुढे ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचा कपॅसिटर आणि त्याच्यावर आडवा २२० किलो-ओहम १ वॅटचा रेझिस्टर. हा रेझिस्टर विसरू नका. लाइन गेली तरी कपॅसिटरमध्ये पावणेतीनशे व्होल्ट बसून राहतात, ते तोच मिनिटभरात उतरवतो. तरीही हात घालण्याआधी मीटर लावायचाच.

हीटरच्या (व्हॉल्व तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या) तारांना पीळ द्या आणि दोन्ही टोकांपासून १००-१०० ओहम चासीला जोडा, नाहीतर घुमणं जात नाही. प्लगमध्ये २५० मिलिअँपचा स्लो-ब्लो फ्यूज घाला आणि चासी अर्थिंगला जोडा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंगचा रॉड नुसता उभा असतो. खड्ड्यात पाणी ओतत राहा.

पहिल्यांदा सुरू करताना लाइनमध्ये ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. एलईडी चालत नाही. स्पीकर जोडलेला हवाच. तो नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. भगभगीत पेटूनच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

आता खरी जुळणी, बल्ब काढून. ईएल८४ च्या कॅथोडला (पिन ३) पुस्तकात साधारण १३५ ओहमचा रेझिस्टर असतो. इथे १८० ओहम २ वॅटपासून सुरुवात करा. पिन ३ वर ८.१ व्होल्ट दिसले, तर ८.१ भागिले १८० म्हणजे ४५ मिलिअँप. स्क्रीनचे (व्हॉल्वमधल्या दुसऱ्या जाळीचे) ५ वजा करा, राहिले ४०. पिन ७ (प्लेट) आणि ३ मध्ये २४० व्होल्ट असतील तर प्लेटवर ९.६ वॅट. मर्यादा १२ ची. हेच मोजमाप लाइन सर्वांत चढलेली असताना पुन्हा घ्या. १२ ओलांडत असेल तर २२० ओहम लावा. आवाज किंचित कमी होईल, व्हॉल्व वाचेल.

प्लेट लाल होत असेल तर आधी ईएल८४ ची पिन २ (सिग्नल येतो ती ग्रिड) मोजा. तिथे जमिनीच्या तुलनेत शून्यच हवं. व्होल्ट दिसले तर दोन व्हॉल्वांमधला कपलिंग कपॅसिटर गळका. जुन्या रेडिओतून काढलेले कागदी कपॅसिटर हमखास असे निघतात. फीडबॅकची (आउटपुटचा थोडा सिग्नल मागे नेणारी) तार जोडताच अॅम्प किंचाळला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची दोन टोकं अदलाबदल करा.

आणि घुमण्याचं मूळ शोधत सर्किट उसवण्याआधी खोलीतला कूलर बंद करून पाहा. गिटारचं सिंगल-कॉइल पिकअप त्याच्या मोटारीची घरघर थेट उचलतं.